परमिट रूम : एका पाटीचा इतिहास

आमच्या शाळेकडे येणाऱ्या रस्त्यावर एक पाटी आहे. वर ठळक अक्षरांत दुकानाचे नाव, खाली 'परमिट रूम अँड बिअर बार' आणि त्याच्याही खाली, जागा उरली म्हणून लिहावे तसे, 'फॅमिली रेस्टॉरंट'. अमरावतीत काय, अकोल्यात काय, मूर्तिजापूरमार्गे एस.टी.ने जाताना खिडकीतून काय, अशा पाट्या इतक्या दिसतात की डोळा त्यांच्यावर थांबत नाही. आमचाही थांबत नव्हता.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या मुलांचे मराठी कच्चे असते. म्हणून सातवीच्या वर्गाला एकदा काम दिले : घरून शाळेत येताना दिसतील त्या मराठी पाट्या वहीत उतरवून आणा. कुणी 'येथे थुंकू नये' आणले, कुणी 'रास्त भाव दुकान' आणले. एकाने ही पाटी आणली आणि उभे राहून विचारले, "सर, परमिट याने इजाजत ना? अल्ला ने तो मना किया. फिर इजाजत कौन दिया?"

वर्ग हसला. आम्ही त्याला "बैठ जा" म्हटले. तो बसला. त्याचे वडील रोज संध्याकाळी त्याच दारातून आत जातात आणि त्यांना बोलावायला आई याला पाठवते, हे आम्हाला नंतर कळले. आत जाऊ देत नाहीत, म्हणून तो पडद्यापाशी उभा राहतो. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मुलाचा प्रश्न कधी टाळू नये. आम्ही टाळला होता. मग निदान स्वतःपुरते तरी उत्तर शोधावे म्हणून वाचायला बसलो, आणि वाचता वाचता वऱ्हाडातून मुंबईला जाऊन पोचलो. कारण ही पाटी मुळात मुंबईची आहे.

इजाजत आणि मनाई यांचा खेळ आपल्याकडे जुना. अलाउद्दीन खिलजीचे नाव वऱ्हाडाला नवे नाही. १२९६ मध्ये देवगिरीवर जाताना तो आपल्या एलिचपुरावरून, म्हणजे आजच्या अचलपुरावरून गेला. पुढे दिल्लीचा सुलतान झाल्यावर त्याने दारूबंदी केली. बरनी लिहितो की शाही मद्यशाळेतली दारू बदायूँ दरवाजापाशी इतकी ओतली की पावसाळ्यासारखा चिखल झाला. पण लोक गवताच्या आणि सरपणाच्या भाऱ्यांत लपवून दारू शहरात आणू लागले. पिणाऱ्यांना कोंडायला विहिरी खणल्या, त्याही पुरेनात. शेवटी सुलतानाने हुकूम सैल केला : घरात गुपचूप गाळून प्यायली, मैफल भरवली नाही, विकली नाही, तर शिपायांनी आत शिरू नये. जहांगीरने १६०५ मध्ये तख्तावर बसताच दारू गाळण्या-विकण्यावर बंदी घातली आणि त्याच रोजनिशीत आपण स्वतः पितो हेही लिहून ठेवले. बादशहाचा प्रामाणिकपणा म्हणायचा.

'आबकारी' हा शब्दही आपल्या फारसीचा. आबकार म्हणजे दारू गाळणारा. इंग्रजांनी हा शब्द कायद्यात घेतला आणि त्याचा अर्थ महसूल असा करून टाकला. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यांच्या अमलात दारू गाळणे हा सरकारचा हक्क झाला आणि दुकानांचे ठेके लिलावाने जाऊ लागले. मेळघाटातल्या कोरकूने आपल्याच मोहाच्या फुलांची दारू घरी गाळली तर तो गुन्हा, आणि सरकारी ठेक्यातून घेऊन प्यायली तर तो महसूल. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने हेच केले. म्हणून स्वातंत्र्याच्या चळवळीत दारूच्या दुकानांपुढे निदर्शने झाली. ती नुसती नीतीची गोष्ट नव्हती, सरकारच्या खिशाचीही होती. आमच्या वऱ्हाडात तर गाडगेबाबांचे कीर्तन होते. मुलीच्या बारशाला मटण-दारूची पंगत द्यायची रीत त्यांनी मोडली, ही हकिकत येथे लहान मुलालाही ठाऊक असते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांचेही दारूबद्दलचे बोलणे तसेच परखड. या दोघांनी परमिट कुणालाच दिले नव्हते.

आता मुंबईकडे येऊ. तिथे दोन प्रकारची रात्र होती. एक गिरणगावातली, ताडीच्या आणि देशीच्या गुत्त्यातली. दुसरी अपोलो बंदरावरची. ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये उघडले. १९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जाझचा ताफा घेऊन तिथे आला. त्या तालावर नाचायला संस्थानिक, साहेब आणि शेठ येत. वाजवणाऱ्यांत पुढे गोव्याचे ख्रिस्ती वादक आले. त्यांतला अँटोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजला.

१९३७ मध्ये प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली. मध्य प्रांत-वऱ्हाडने १९३८ मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि तो निवडक भागांपुरता लावला. मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ पासून बंदी आली. खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर, स्वतः पारशी आणि हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर. दारू आणि ताडीच्या धंद्यात पारशी मंडळी मोठ्या संख्येने, त्यामुळे त्यांचा विरोध कडवा होता. पण आमच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. आबकारीचे बुडणारे उत्पन्न भरून काढायला सरकारने शहरी स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवला. मुंबईतल्या मुस्लिम व्यापाऱ्यांकडे आणि मालमत्ताधारकांकडे इमारती पुष्कळ. त्यांनी आणि मुस्लिम लीगने या कराविरुद्ध रान उठवले. ज्या समाजाच्या धर्मात दारू हराम, त्याचे पुढारी दारूबंदीच्या खर्चावर चिडले होते. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते, आम्ही पीत नाही मग भुर्दंड आम्हाला का, असा तो सवाल होता. पण दारूबंदी झाली याचा आनंद त्यांच्या बोलण्यात फारसा दिसत नाही. १९३९ च्या अखेरीस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग ढेपाळला.

स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई मुंबई राज्याचे गृहमंत्री होते. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. ६ एप्रिल १९५० पासून, दांडीच्या मिठाची तारीख पकडून, राज्यात पूर्ण दारूबंदी झाली. पाटीवरचा शब्द जन्माला आला तो इथे. कायद्याने सर्वांना मनाई केली आणि मग एकेक खिडकी उघडली. परदेशी माणसाला परमिट. ज्याला सवय आहे आणि जो प्रकृतीसाठी दारू लागते असे डॉक्टरकडून लिहून आणू शकतो, त्याला परमिट. फौजेला सूट. बड्या हॉटेलांत अशा परमिटवाल्यांना बसून पिता यावे म्हणून वेगळी खोली केली गेली. ती परमिट रूम. डॉक्टरकडे जाऊन 'माझी प्रकृती दारूवाचून बिघडते' असे कोण लिहून आणणार? ज्याला डॉक्टर ओळखतो तो. गिरणीतल्या साचेवाल्याची प्रकृती कुणी तपासली नाही.

याच कायद्याला फ्राम नसरवानजी बलसारा या पारशी गृहस्थाने आव्हान दिले. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, औषधी वाइन, अगदी कोलन-वॉटरही जवळ बाळगण्याचा हक्क त्याने मागितला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५१ मध्ये न्यायमूर्ती फझल अली यांनी लिहिला. कायदा बहुतांशी टिकला. अल्कोहोल असलेली औषधे आणि प्रसाधने मात्र त्यातून सुटली. त्याआधी घटना समितीत दारूबंदीचे कलम, आजचे ४७ वे, चर्चेला आले तेव्हा कोल्हापूरच्या खर्डेकरांनी विरोध केला होता, आणि जयपालसिंग यांनी आदिवासींच्या पूजेत दारू असते तिचे काय, असे विचारले होते. आम्ही मेळघाटच्या पायथ्याशी राहतो, म्हणून तो प्रश्न आम्हाला दूरचा वाटत नाही.

त्याच १९५१ सालाची एक गंमत. बाहेर शहर कोरडे आणि पडद्यावर क्लब भरलेले! 'बाजी' चित्रपट आला, त्याची सगळी कथा एका क्लबाभोवती. 'अलबेला' आला, त्यात सी. रामचंद्रांच्या संगीतावर चिक चॉकलेट आपल्या ताफ्यासह दिसला. 'बाजी'मुळेच बेस्टच्या बसचा एक कंडक्टर नट झाला. गिरणी कामगाराचा मुलगा, नाव बदरुद्दीन जमालुद्दीन काझी. दारुड्याची नक्कल इतकी हुबेहूब करायचा की गुरुदत्तने त्याला व्हिस्कीचे नाव दिले : जॉनी वॉकर. आयुष्यभर त्याने दारूला हात लावला नाही. वर्गात मुलांना हे सांगितले की ती डोळे विस्फारतात. आमच्या उर्दू शायरीतही असाच एक माणूस आहे. रियाज खैराबादी यांनी सगळी उमर मय आणि मयखान्यावर शेर लिहिले आणि प्यायली कधी नाही, असे सांगतात.

कोरड्या मुंबईत खरे काय चालले होते ते सर्वश्रुत आहे. खाडीच्या काठी, झोपडपट्ट्यांत हातभट्ट्या लागल्या. वांद्रे, धोबीतलाव भागातल्या घरांत 'आंटी'कडे बाकावर बसून ग्लासाने दारू मिळू लागली. त्या बायकांना आंटी म्हणत, आणि शब्दात आदर नव्हता असे नाही. या धंद्यातून वरदराजन मुदलियारसारखे लोक उभे राहिले. अमेरिकेने १९२० ते १९३३ हेच भोगले होते. परमिटवाला परमिट रूममध्ये, बाकीचे खाडीवर.

वऱ्हाड या सगळ्यात कधी आले? १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९५९ च्या सुधारणेने मुंबईचा दारूबंदी कायदा आमच्याकडे लागू झाला. मोरारजींच्या मुंबईतली खिडकी अशा रीतीने अकोल्याच्या बाजारात येऊन बसली. पुढे ती रुंद केली ती वऱ्हाडच्याच माणसाने. पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात बंदीचा कायदा रद्द न करता परमिटे सैल झाली, आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम होऊन गरिबाचे दुकानही कायदेशीर झाले. आमच्याकडे त्याला अजून भट्टीच म्हणतात. त्यांच्या बाजूने बोलायचे तर हातभट्टीच्या विषाने माणसे मरत होती आणि पैसा गुंडांकडे जात होता. विरुद्ध बोलायचे तर गावोगाव दुकान गेले. आम्ही दोन्ही बाजू मनात धरून आहोत, कुठलीही एक सोडवत नाही.

कायद्याचे नाव तेच राहिले : दारूबंदी कायदा. म्हणून महाराष्ट्रात आजही दारू 'बंद' आहे आणि पिणारा प्रत्येक माणूस अपवाद आहे. बिअरला वय २१, कडक दारूला २५, आणि शिवाय खिशात परमिट हवे. एका दिवसाचे विदेशी दारूला ५ रुपये, देशीला २. वर्षाचे १००, आजीवन १००० रुपये, असे दर वर्षानुवर्षे चालत आले. शेजारी वर्धा जिल्हा गांधीजींच्या नावाने १९७४ पासून कोरडा, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपूर २०१५ मध्ये कोरडा झाला आणि २०२१ मध्ये पुन्हा ओला. २०१७ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकाने बंद झाली, तेव्हा आमच्या रस्त्यावरची कैक शटरे खाली आली होती. काही महिन्यांत शहरांना सूट मिळाली, शटरे वर गेली.

मुंबईत मात्र परमिट रूमला १९८० नंतर वेगळे अंग फुटले. बारमध्ये वाद्यवृंद आला, मग नाचणाऱ्या मुली आल्या. 'चांदनी बार' हा चित्रपट २००१ चा; त्यातली मुमताज दंगलीत आईवडील गमावून उत्तर प्रदेशातून मुंबईला येते. त्या काळी आमच्या मोहल्ल्यात हा चित्रपट पाहिल्याचे कुणी कबूल करत नसे, पण गोष्ट सर्वांना माहीत होती. २००५ मध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली आणि १५ ऑगस्टपासून बंदी आली. ७५,००० मुली या धंद्यात आहेत असा आकडा तेव्हा सांगितला जाई. एसएनडीटी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आणि एका स्त्री-संघटनेने त्याच वर्षी ५० बारमधल्या ५०० मुलींशी बोलून अहवाल केला. घर चालवणारी बहुधा तीच, हे त्यातून पुढे आले. पण कायद्यात पुन्हा तीच जुनी खिडकी होती : तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना बंदी नाही. तोच नाच ताऱ्यांखाली चालेल, पत्र्याखाली नाही. १२ एप्रिल २००६ रोजी उच्च न्यायालयाने हा भेद घटनाबाह्य ठरवला. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्या खंडपीठावर सरन्यायाधीश अल्तमश कबीर होते. सरकारने २०१६ मध्ये नवा कायदा आणला, त्यातल्या कैक अटी जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयाने काढून टाकल्या. मुली मात्र २००५ मध्येच पांगल्या होत्या. निकाल लागेपर्यंत कुणाच्या घरचे भाडे थांबत नाही.

आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने १०० हून अधिक माणसे गेली. त्यांच्याकडे परमिट नव्हते, हे सांगायला नको. २०१७ च्या डिसेंबरात कमला मिल आवारातल्या पबच्या गच्चीला आग लागून १४ जण मेले. ती बातमी आठवडाभर होती. कमला मिल म्हणजे जुनी गिरणीच. साचेवाला जिथे राबला तिथे आता उंची दारूचे पेले. मालवणीची बातमी किती दिवस होती ते वाचकांनी आपले आठवून पाहावे.

हे सगळे वाचून आम्ही पुन्हा त्या मुलाकडे येतो. त्याच्या प्रश्नावर वर्ग का हसला? मुलांना वाटले त्याने घरचे बाहेर काढले. 'मुसलमान पीत नाही' हे आपल्या समाजात इतके ठरून गेले आहे की जो पितो तो मोजलाच जात नाही. गावात बायका बाटली आडवी करायला मतदानाला जमतात, तेव्हा आमच्या मोहल्ल्यातून कुणी फारसे जात नाही. गेले तर घरात कुणी तरी पितो असा अर्थ निघतो. जुम्याच्या बयानात दारू हराम हे येते. पण चौथ्या गल्लीतल्या माणसाला दवाखान्यात कोण नेणार, त्याची बायको पैसे कुठून आणते, हे येत नाही. गालिबची दारू आम्ही हसत हसत शिकवतो. मजाज लखनौच्या एका गुत्त्याच्या गच्चीवर डिसेंबरच्या थंडीत रात्रभर पडून १९५५ मध्ये गेला, मंटो त्याच वर्षीच्या जानेवारीत लाहोरात यकृत सडून वयाच्या ४२ व्या वर्षी गेला, हे सांगताना आमचा आवाज बारीक होतो. शायराला आम्ही माफ करतो. हमालाला बिरादरीतून वगळतो. म्हणजे परमिट आमच्याकडेही आहेच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, दुपारच्या वेळी, मराठी शाळेतल्या एका मित्राला सोबत घेऊन आम्ही त्या पाटीखालचा पडदा बाजूला केला. भिंतीवर लायसन कसे असते ते वाचायचे होते. आत दिवसाही अंधार, दोन टेबलांवर माणसे, कूलरचा आवाज. गल्ल्यावरचे गृहस्थ चकित झाले. "बसा ना गुरुजी. काय पायजे?" आम्ही कारण सांगितले. काच पुसून त्यांनी चौकट दाखवली : नमुना एफएल-३. आम्ही नुसते पाणी घेतले. परमिटाचे पुस्तक असते ना, असे विचारले. "असते. पन कोन मांगते आता?" असे म्हणत त्यांनी खालचा खण ओढला. रबरबँडने बांधलेले पुस्तक, वरच्या पानावर धूळ. एका दिवसाचे, ५ रुपये. नाव, वय, पत्ता यांच्या रिकाम्या ओळी.

"लिहू का गुरुजी तुमच्या नावानं? आठवन म्हनून न्या."

आम्ही नको म्हटले. मग त्या मुलाच्या वडिलांचे नाव यात कधी लिहिले गेले का, असे विचारावेसे वाटले. पण ते कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेले आम्हाला दिसले. त्यांनीही आम्हाला पाहिले होते. सलाम कुणी आधी करायचा हे दोघांनाही कळेना. शेवटी आम्ही केला. ते उठले, पेला तसाच ठेवून आमच्याबरोबर बाहेर आले आणि उन्हात डोळे मिचकावत म्हणाले, "सर, बच्चे का पढाई कैसा चल रहा?"